लाइमचा धक्का

एखाद्या ग्रंथाविषयीं वर्षानुवर्षें एकच मत सांगत राहावें, तें मत शेकडों विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरून परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून आपल्याकडेच परत यावें, आणि एके दिवशीं तें चुकीचें होतें असें आपणांसच कळून यावें, ही गोष्ट शिक्षकाचा धंदा करणारास फारशी सुखाची नसते. परंतु चूक ध्यानांत आल्यावर ती झांकून ठेवणें हें त्याहून वाईट. म्हणून जेन ऑस्टेन या इंग्रज कादंबरीकर्त्रीच्या 'पर्स्वेशन' या कादंबरीविषयींचें आमचें एक जुनें मत येथें उघडपणें मागें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यास निमित्त झालें तें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस या लहानशा गांवीं घालविलेल्या एका दिवसाचें.

ज्या वाचकांच्या हातीं ही कादंबरी आली नसेल त्यांच्यासाठीं कथानक थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. सॉमरसेट परगण्यांतील सर वॉल्टर एलियट हा आपल्या कुळाचा आणि रूपाचा मोठा अभिमान बाळगणारा, पण कर्जांत बुडालेला गृहस्थ. त्याच्या तीन मुलींपैकीं मधली ॲन ही एकोणीस वर्षांची असतांना फ्रेडरिक वेंटवर्थ या आरमारांतील तरुण अधिकाऱ्यावर तिचें मन बसतें व विवाह ठरतो. परंतु वेंटवर्थजवळ ना पैसा, ना वशिला. ॲनच्या मृत आईची मैत्रीण लेडी रसेल ही तिला आईच्या ठिकाणीं. ती ॲनची समजूत घालते, आणि ॲन ठरलेलें लग्न मोडते. ही गोष्ट १८०६ सालची. आठ वर्षांनीं, १८१४ च्या शरदृतूंत, वेंटवर्थ परत येतो तो लढायांत मिळविलेली पंचवीस हजार पौंडांची संपत्ति घेऊन, आणि मनांत ॲनविषयींची अढी घेऊन. दुसऱ्याच्या सांगण्यावरून जी आपला शब्द फिरविते ती दुबळ्या मनाची, असा त्याचा निकाल झालेला असतो. ॲन आतां सत्तावीस वर्षांची आहे. तिचा बहर ओसरला आहे. घरांत तिच्या शब्दाला किंमत नाहीं. तिच्या धाकट्या बहिणीच्या, एकोणीस-वीस वर्षांच्या दोन नणंदा, हेन्रिएटा आणि लुइझा मसग्रोव्ह, वेंटवर्थच्या भोंवतीं रुंजी घालूं लागतात, आणि ॲनला हें सारें मुकाट्यानें पाहावें लागतें.

नोव्हेंबर महिन्यांत ही तरुण मंडळी लाइमला जातात. वेंटवर्थचा मित्र कॅप्टन हारव्हिल तेथें राहत असतो. त्याला भेटून आलेला वेंटवर्थ त्या गांवाचें वर्णन करतो, आणि सर्वांना तें पाहण्याची हौस उत्पन्न होते. सर्वांत अधिक आग्रह लुइझाचा. सकाळीं जाऊन रात्रीं परत यावयाचें असा पहिला बेत असतो. पण लाइम सतरा मैलांवर, वाट चढउतारांची, आणि जाण्यायेण्यांतच सात तास जावयाचे. नोव्हेंबरच्या आंखूड दिवसांत गांव पाहावयास फारसा वेळ उरत नाहीं असें दिसून आल्यावर, आणि घोड्यांच्या काळजीनें वडील मसग्रोव्हनीं नकार दिल्यावर, एक रात्र मुक्काम करण्याचें ठरतें. दुसऱ्या दिवशीं निघण्यापूर्वीं सर्वजण शेवटचें म्हणून समुद्रांत गेलेल्या दगडी धक्क्यावर फिरावयास जातात. या धक्क्यास तेथें 'कॉब' म्हणतात. वरच्या वाटेवर वारा फार, म्हणून खालच्या वाटेवर उतरावयाचें ठरतें. बाकीचीं माणसें उभ्या पायऱ्या सावकाश उतरतात. लुइझा मात्र वेंटवर्थच्या हातांच्या आधारानें उडी घेते. एकदां उतरल्यावर पुन्हां वर धांवते, पुन्हां उडी घेईन म्हणते. दगड कठीण आहे, धक्का बसेल, असें वेंटवर्थ सांगतो. ती ऐकत नाहीं. तो हात पुढें करतो, ती अर्धा क्षण आधींच उडी टाकते, आणि फरसबंदीवर पडून निश्चेष्ट होते. एकच गोंधळ उडतो. हेन्रिएटा मूर्च्छित पडते, वेंटवर्थ भिंतीस टेकून हताश होतो, आणि काय करावयाचें तें सांगणारी एकटी ॲन उरते. पुढें लुइझा बरी होते, पण ती वेंटवर्थची न होतां दुःखी आणि काव्यलोलुप कॅप्टन बेनविकची वधू होते, आणि वेंटवर्थ ॲनकडे परत येतो.

या अपघाताविषयीं आम्ही वर्गांत काय सांगत होतों? हेंच कीं, ही कादंबरीकर्त्रीची सोय आहे. लुइझाला वाटेंतून दूर करावयाचें, ॲनचें शहाणपण उजेडांत आणावयाचें, बेनविकला वधू मिळवून द्यावयाची. एका पडण्यानें तिन्ही कामें होतात, म्हणून लुइझा पडते. ज्या लेखिकेच्या इतर पुस्तकांत फार तर पाय मुरगळतो किंवा सर्दी होते, तिच्या हातून हा डोकें फुटण्याचा प्रसंग म्हणजे परक्या नाटकांतून उसनी आणलेली वस्तु होय, असें आम्ही म्हणत असूं. त्यावर एक पुस्तीही जोडीत असूं: "हे गांव तुम्हीं-आम्हीं पाहिलेले नाहींत, तेव्हां त्यांच्या वर्णनाची गोडी आपणांस पुरती लागावयाची नाहीं." या दुसऱ्या वाक्याचा हिशेब शेवटीं करूं.

कांहीं कामानिमित्त लंडनला गेलों असतां नोव्हेंबरांतला एक शनिवार मोकळा मिळाला, आणि आम्हीं वॉटर्लू स्टेशनावरून पहांटेची गाडी धरली. लाइमला आतां आगगाडी जात नाहीं. १९०३ साली घातलेला फांटा १९६५ साली बंद झाला. म्हणून ॲक्समिन्स्टर स्टेशनावर उतरून पुढें बसनें डोंगर उतरावा लागतो. जाण्यायेण्याचा वेळ वजा करतां आम्हांसही हातांत जेमतेम चार तासच राहिले. घोडे जाऊन एंजिनें आलीं, तरी मसग्रोव्ह मंडळींचा हिशेब चुकला नाहीं, याची आम्हांस गंमत वाटली.

गांव लहान आहे. वस्ती चार हजारांच्या आंत. मुख्य रस्ता इतक्या उतरणीचा कीं वरून चालणारा आपोआप समुद्राकडे ओढला जातो. एडवर्ड पहिला याच्या १२८४ च्या सनदेनें नांवापुढें 'रेजिस' म्हणजे 'राजाचें' हें पद लागलें. १६८५ साली ड्यूक ऑफ मॉन्मथ बंडाचें निशाण घेऊन येथल्याच किनाऱ्यावर उतरला. पुढें व्यापार ओसरला, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत समुद्रस्नान हें औषध आहे असें डॉक्टर सांगूं लागल्यावर या गांवास नवा धंदा मिळाला. मध्यम स्थितीचीं कुटुंबें हवापालटासाठीं येऊं लागलीं. ऑस्टेन कुटुंब १८०३ व १८०४ साली आलें तें याच लाटेंत. १४ सप्टेंबर १८०४ रोजीं जेननें येथून आपली बहीण कॅसँड्रा हिला लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. त्यांत स्नानाचा मजकूर आहे, सार्वजनिक दिवाणखान्यांतील नाचाचा आहे, कॉबवर फिरल्याचा आहे. आणि बिऱ्हाडांतील एका मोडक्या झांकणाची किंमत ॲनिंग नांवाच्या कारागिरानें पांच शिलिंग सांगितली, ती खोलींतल्या साऱ्या सामानाच्या किमतीहून अधिक वाटल्याची तक्रारही आहे. हा रिचर्ड ॲनिंग म्हणजे त्या मेरी ॲनिंगचा बाप, जिनें पुढें बारा-तेरा वर्षांच्या वयांत, १८११-१२ साली, भावाच्या मदतीनें जवळच्या कड्यांतून इक्थिओसॉर या प्राचीन जलचराचा सांगाडा काढला. ऑस्टेनबाई गांवांत होत्या तेव्हां ती पांच वर्षांची पोर होती. आज तिचा पुतळा किनाऱ्याजवळ उभा आहे (तो २०२२ साली बसविला), रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना शंखाच्या आकाराच्या जीवाश्मांची नक्षी आहे, आणि दुकानांतून तसले दगड विकावयास ठेवलेले असतात.

परंतु आम्ही गेलों तेव्हां पुष्कळ दुकानांस कुलपें होतीं. किनाऱ्यालगतच्या रंगीत लांकडी खोल्या बंद होत्या. उन्हाळ्यांत जेथें उभें राहावयास जागा नसते म्हणतात, तेथें कुत्रीं फिरविणारे दोनचार वृद्ध, तळलेल्या माशांच्या एका दुकानापुढें थोडीं मुलें, आणि त्यांच्या हातांतील बटाट्याच्या फोडींवर टपलेले समुद्रपक्षी, एवढाच संसार होता. येथें आम्हांस कादंबरींतील पहिली गोष्ट नव्यानें दिसली. ऑस्टेननें आपल्या माणसांना लाइमला पाठविलें तें हंगाम संपल्यावर. नाचाचे दिवाणखाने बंद झाले आहेत, बिऱ्हाडकरू गेले आहेत, गांवांत गांवचींच माणसें उरलीं आहेत, असें ती मुद्दाम सांगते. ती स्वतः येथें सप्टेंबरांत नाचलेली होती. सोयीचा प्रसंग हवा असता तर भर हंगामांतला नाच तिला लिहितां आला असता. तो तिनें टाकला. आपल्या पुस्तकांत सृष्टिवर्णनास फारशी जागा न देणारी ही लेखिका येथें मात्र गांव, खाडी, शेजारचे चारमथ व अपलाइम, कडे ढांसळून झालेल्या पिनीच्या हिरव्या दऱ्या यांचें सविस्तर वर्णन करते, आणि तें करते तें माणसें निघून गेल्यावरच्या गांवाचें. कारण तिला दाखवावयाची आहे ती जिचा हंगाम संपला असें सर्वांनीं ठरविलें आहे अशी स्त्री. या ओस गांवींच समुद्राच्या वाऱ्यानें ॲनच्या चेहऱ्यावर पुन्हां रंग चढतो, एक अनोळखी गृहस्थ तिच्याकडे कौतुकानें पाहतो, आणि तें पाहणें वेंटवर्थ पाहतो. स्थळ आणि पात्र यांची अशी सांगड घालणें ही उसनवारी नव्हे.

नंतर आम्ही कॉबवर गेलों. दगडांचा हा लांबलचक बांध वळण घेत समुद्रांत शिरलेला आहे. त्यावर दोन वाटा आहेत: एक खालची, बंदराच्या बाजूची, आडोशाची, दुसरी वरची, उघडी. वरच्या वाटेवर गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानांत येते ती ही कीं, ती सपाट नाहीं. समुद्राकडे कललेली आहे. कठडा नाहीं, धरावयास कांहीं नाहीं. वारा असला म्हणजे चालतांना पुढच्या पावलाचाच विचार करावा लागतो, आणि थोड्याच वेळांत खालीं उतरावेंसें वाटूं लागतें. उतरावयाचें तर पायऱ्या अरुंद आणि उभ्या. एके ठिकाणीं तर भिंतींतून नुसते दगड पुढें आलेले आहेत. त्यांस गांवांत 'आजीबाईचे दांत' म्हणतात. तेथें उतरणारास एक तर भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखें उतरावें लागतें, नाहीं तर कोणाचा तरी हात घ्यावा लागतो.

आम्ही खालच्या वाटेवर उभे असतां एक पांचसहा वर्षांचा मुलगा दुसऱ्या एका जिन्याच्या चौथ्या पायरीवरून बापाच्या हातांत उडी घेत होता. उडी झाली कीं "पुन्हां!" म्हणून वर धांवे. बाप दोनतीन वेळां हंसला. मग "पुरे" म्हणाला. मुलानें ऐकलें नाहीं, आणि बापानें नाइलाजानें हात पसरले. कांहीं वाईट झालें नाहीं. पण त्या वेळीं आमच्या मनांत जें चमकलें तें हें कीं, यांत अपघात कोठें आहे? येथें पडणें नव्हे, न पडणेंच नवलाचें आहे. आणि मुलाचा हट्ट जितका त्याच्या स्वभावांतला, तितकाच बापानें आधीं केलेल्या कौतुकांतला होता.

परतीच्या बसला अवकाश होता. आम्ही एका उपाहारगृहांत बसून चहा घेत तीं दोन प्रकरणें पुन्हां वाचलीं, आणि मग त्यांच्या आधींचें प्रकरण उघडलें. त्यांत ही सारी मंडळी शेतांतून फिरावयास गेलेलीं असतात. वाटेंत कुंपणाच्या झुडपाआड वेंटवर्थ लुइझाशीं बोलत असतो, तें ॲनच्या कानीं पडतें. तो झाडावरचें एक हेझलचें फळ तोडून दाखवितो, आणि आपल्या इतर भावंडांसारखें गळून न पडतां शरदांतल्या वादळांत टिकून राहिलेल्या त्या फळाची तारीफ करतो. ज्यांना सुखी व्हावयाचें त्यांनीं मनाचे असेंच पक्के असावें, असा त्याचा उपदेश असतो. लुइझानें नुकतेंच त्याला सांगितलेलें असतें कीं, आपण एकदां ठरविलें म्हणजे कोणाच्या सांगण्यानें माघार घेत नाहीं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला ज्याच्यावर आपलें मन गेलें आहे त्या पुरुषाकडून अशी शाबासकी मिळाल्यावर तिनें काय करावें? तिनें तें फळ व्हावें. पुढें कॉबच्या पायरीवर ती "माझा निश्चय झाला आहे" अशा अर्थाचें जें बोलते, तें स्वतःचें बोलत नाहीं. वेंटवर्थनें पढविलेला धडा त्यालाच म्हणून दाखविते. ज्यानें दृढनिश्चयाची स्तुति केली त्याच्याच हातांतून तो दृढनिश्चय निसटून दगडावर आपटतो. आणि हा धडा कोणाविरुद्ध रचलेला होता? आठ वर्षांपूर्वीं ज्या मुलीनें समजुतीनें माघार घेतली, त्या ॲनविरुद्ध. म्हणून त्या पायरीजवळ तिघेंही हजर असणें अवश्य होतें: धडा देणारा, धडा घेणारी, आणि जिच्या नांवानें तो धडा दिला ती.

आतां प्रसंगाचे तपशील पाहावे. लुइझा चुकते ती अर्ध्या क्षणानें. उडीचा निश्चय चुकीचा असो वा नसो, तिनें समोरच्याचे हात तयार होण्याची वाट पाहिली नाहीं. ॲननें वाट पाहिली ती आठ वर्षें. एकीस अर्धा क्षण धीर नाहीं, दुसरीचें अर्धें तारुण्य धीरांत गेलें. दोन्ही टोंकें एका पायरीवर आणून ठेवलीं आहेत. लेखिका कोणत्याही टोंकाची तरफदारी करीत नाहीं. परतीच्या गाडींत ॲनच्या मनांत एवढाच प्रश्न येतो कीं, मनाच्या पक्केपणालाही कांहीं मर्यादा असते हें आतां तरी त्याच्या ध्यानांत येईल काय? पुढें कादंबरीच्या शेवटीं वेंटवर्थ स्वतःच कबूल करतो कीं, तत्त्वाची स्थिरता आणि इच्छेचा हट्ट यांतला भेद आपणांस लाइमला कळला. पहिला खंड या अपघातानेंच संपतो, यांतही नवल नाहीं. त्यापुढें वेंटवर्थचें जुनें मत टिकणें शक्यच नव्हतें. आम्ही ज्याला कथानकाची सोय म्हणत होतों तो कादंबरीचा मुख्य युक्तिवाद होता. फक्त तो वाक्यांत न मांडतां पायऱ्यांवर मांडला होता.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग स्थलदर्शनाचा हा चांगलाच उपयोग झाला. ग्रंथ समजावयास ग्रंथांतलीं गांवें पाहावींत हेंच खरें. आम्हांसही तास-दोन तास तसेंच वाटत होतें. परंतु गांवच्या इतिहासाकडे पाहतां हा आनंद टिकला नाहीं. १८२४ च्या नोव्हेंबरांत एका प्रचंड वादळानें कॉबची मोडतोड केली आणि त्यानंतर त्याची मोठी दुरुस्ती पोर्टलंडच्या दगडांनीं झाली. जेन ऑस्टेन १८१७ सालींच वारली होती. तेव्हां आज आपल्या पायांखालीं येणारे दगड सारेच तिच्या पायांखालचे नव्हेत. लुइझा कोणत्या पायऱ्यांवरून पडली यावर अभ्यासकांचें एकमत नाहीं. 'आजीबाईचे दांत' पाहुण्यांना दाखवितात खरे, पण एवढ्या अवघड जागेवरून बाकीच्या स्त्रिया सावकाश उतरल्या असतील हें संभवत नाहीं, असेंही म्हणतां येतें. कवि टेनिसन १८६७ साली लाइमला आला तेव्हां, मॉन्मथ कोठें उतरला हें दाखवूं लागलेल्या मंडळींना त्यानें, तें राहूं द्या, लुइझा कोठें पडली तें दाखवा, असें सांगितल्याची आख्यायिका आहे. जॉन फाउल्स या गांवींच राहत असे. त्याच्या १९६९ च्या 'द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन' या कादंबरीचा काळही १८६७ चाच आहे, आणि तिची नायिका आपणांस प्रथम दिसते ती कॉबच्या टोंकाशीं समुद्राकडे पाहत उभी असलेली. त्या कादंबरींतलीं माणसेंही लुइझाच्या पायऱ्या एकमेकांस दाखवितात. न घडलेल्या गोष्टीचा खरा दगड शोधण्याची ही हौस गोड आहे, पण तिला पुरावा म्हणतां येत नाहीं.

मग आम्हांस जें कळलें तें कशानें कळलें? चहाच्या टेबलावर पुस्तक उघडल्यावर दिसलें तें असें कीं, आम्हीं धक्क्यावर 'शोधून काढलेलें' सारें तेथें छापलेलें होतें. वरची वाट, खालची वाट, वारा, पायऱ्यांचा उभेपणा, फरशीचा कठीणपणा, इतकेंच नव्हे तर आधींच्या फेरफटक्यांत प्रत्येक कुंपण ओलांडतांना वेंटवर्थच्या हातावर उडी घेण्याची लुइझाला लागलेली गोडी, हें सर्व ऑस्टेननें नोंदविलेलें आहे. तीस वर्षें तीं वाक्यें आमच्या डोळ्यांखालून गेलीं. आम्हीं तीं वर्णन म्हणून ओलांडलीं आणि कथानकाकडे धांवलों. लाइमनें आम्हांस नवें कांहीं सांगितलें नाहीं. फक्त एक दिवस सावकाश चालावयास लाविलें. ऑस्टेनच्या वाचकालाही अर्ध्या क्षणाची घाई नडते, हा अनुभव आम्हांस त्या मुक्कामीं आला.

मत मागें घेतलें म्हणजे ग्रंथांत दोषच नाहींत असें म्हणावयाचें नाहीं. उलट, खरा दोष शेजारींच पडला असतां आम्हीं भलत्याच ठिकाणीं बोट ठेवलें होतें. जो अनोळखी गृहस्थ ॲनकडे कौतुकानें पाहतो, तो तिच्याच कुळाचा वारस, दूरचा भाऊ विल्यम एलियट निघतो. आणि सिडमथहून बाथकडे जातांना तो नेमक्या त्याच रात्रीं त्याच खानावळींत उतरलेला असतो. सोय म्हणावयाची तर ही. तिला ना स्वभावाचा आधार, ना स्थळाचा. लुइझा पडल्यावर, एक नव्हे तर दोन मेलेल्या तरुणी पाहावयास मिळतील म्हणून खलाशी व मजूर जमले, असा जो विनोद लेखिका करते, तोही त्या क्षणीं कानांस खटकतो. आपल्या जुन्या, खोडकर लेखणीस आवर घालणें तिला येथें जमलेलें नाहीं. आणि ज्या बेनविकचें वाग्दत्त वधूच्या वियोगानें काळीज फाटलें होतें, तो इतक्या थोड्या महिन्यांत लुइझाच्या उशाशीं कविता वाचून बरा होतो, याची लेखिकेनेंच पुढें पात्रांच्या तोंडून चर्चा घडविली आहे. तीवरून ही अडचण तिच्या ध्यानांत होती एवढेंच दिसतें.

'पर्स्वेशन' १८१६ च्या ऑगस्टांत पुरी झाली. ती प्रसिद्ध झाली लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरांत. मध्यंतरीं १८१७ च्या जानेवारींत तिनें 'सँडिटन' नांवाची नवी कादंबरी आरंभिली व मार्चमध्यें आजारामुळें सोडून दिली. तिचा विषयही समुद्रकांठचें गांवच. पण तेथें गांव हा व्यापार आहे: हवेची जाहिरात, घरांचीं भाडीं, रोग्यांची वाट पाहणारे भांडवलवाले. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवलीं म्हणजे दिसतें कीं, असल्या गांवांचें ढोंग तिला पुरतें ठाऊक होतें. तरी ॲनसाठीं तिनें निवडलें तें जाहिरात संपल्यावर उरलेलें गांव. पुढें बाथमध्यें वेंटवर्थ म्हणतो कीं, लाइमची आठवण ॲनला दुःखदच वाटत असेल. त्यावर ती सांगते कीं, शेवटचे दोन तास सोडले तर तेथें आनंदच होता, आणि दुःख ओसरल्यावर त्याची आठवणही पुष्कळदां सुखाची होते. अशा बोलण्यांतला समंजसपणा पाहिला म्हणजे ही कादंबरी तरुणांपेक्षां चाळिशीपुढच्या वाचकांना अधिक कां आवडते तें कळतें.

शेवटीं एक शब्द नांवाविषयीं. 'पर्स्वेशन' याचा अर्थ वर्गांत सांगतांना आम्ही 'मन वळविणें' असें म्हणत असूं. आतां आम्हांस 'समजूत' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. दुसऱ्याची समजूत घालणें, दुसऱ्याशीं समजुतीनें घेणें, आणि स्वतःला समज येणें, या तिन्ही गोष्टी मराठींत एकाच धातूपासून निघाल्या आहेत, आणि ॲनची कथा या तिहींची मिळून आहे. वडीलधाऱ्यांच्या शब्दाखातर मोडलेलीं लग्नें आपल्या घरांत थोडीं नाहींत. तीं मोडणाऱ्या मुलींना कोणी दुबळ्या म्हटलें, कोणी आज्ञाधारक म्हणून गौरविलें. ॲन शेवटीं जें म्हणते तें या दोहोंहून वेगळें आहे: लेडी रसेलचा सल्ला चुकला होता, तरी त्या वयांत तो मानण्यांत आपण चुकलों नाहीं, आणि तसा सल्ला आपण स्वतः मात्र कोणाला देणार नाहीं. हें उत्तर पटो न पटो, तें देतां येण्यासाठीं आठ वर्षें लागतात.

राहिली ती विद्यार्थ्यांना दिलेली पुस्ती. "हे गांव तुम्हीं पाहिलेले नाहींत, म्हणून गोडी लागणार नाहीं," हें आमचें वाक्य आळसाचें होतें. आमचा आळस आम्हीं त्यांच्या अज्ञानावर ढकलला. ज्या मुलांनीं तें खरें मानून तीं पानें ओलांडलीं, त्यांची क्षमा मागावयास आतां फार उशीर झाला आहे. त्यांच्यांतलीं पुष्कळ आज स्वतःच शिक्षक आहेत. त्यांच्यापैकीं कोणाच्या हातीं हा लेख पडला तर त्यांनीं एवढें करावें: तें पुस्तक पुन्हां काढावें, हेझलच्या फळाच्या प्रकरणापासून आरंभ करावा, आणि पायऱ्यांपाशीं आल्यावर घाई करूं नये. लाइमला जाण्याचें भाडें वांचेल.